पाणी गढूळ होतं

निकाधू
९ जानेवारी १९९३

थोहा कोक्को,

धाकट्या भावाला थोरल्या बहिणीचा सलाम. बेटाबेटांवर किराणा पोचवणाऱ्या धोणीबरोबर हे पत्र आणि रिहाकुरूची बाटली देते आहे. उरलेल्या माशांच्या रश्शातून ते आटवलं आहे, म्हणून थोडं पातळ झालं. उघडताना त्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडू नकोस. तुमच्या पाणबुड्यांच्या मुख्याला, त्या डीटरसाहेबाला, एक चमचा दे, म्हणजे त्याला कळेल की माणसं समुद्रात नुसती मासे बघायला उतरत नाहीत, खायलाही उतरतात.

काल एक गंमत झाली. तुझा मेहुणा झुबेरबे पहाटे धोणी घेऊन आमिष धरायला समुद्रातल्या आपल्या पोवळ्यांच्या गिरीवर गेला. जाळं खाली सोडलं, दोघं गडी मास्क लावून पाण्यात उतरले आणि बारके मासे जाळ्याकडे हाकायला लागले. तेवढ्यात तुमच्या रिसॉर्टची वेगवान बोट आली. तिच्यातला रखवालदार म्हणाला, "ही जागा रिसॉर्टची आहे. जाळं काढा."

झुबेरबे म्हणाला, "अरे बाबा, इथे माझ्या आज्यानं जाळं टाकलंय."

तो म्हणाला, "मग आज्याला पाठवून द्या. त्याला समजावतो."

धोणीतले आमचेच गडी हसले बघ. पण हसून काय, परत यावं लागलं. आमिष नाही तर कुपा मासा धोणीजवळ कशाला येईल? पाण्यात जिवंत मासळी भिरकावल्याशिवाय तो वर उसळत नाही हे तुला सांगायला नको. बाबांच्या त्याच धोणीत तू ती भिरकावत होतास. काल दिवसभर पुरुष किनाऱ्यावर जाळी शिवत बसले आणि मी चूल न पेटवता.

तो रखवालदार नवा असणार. त्याला कुणी चुकीचं सांगितलं असेल. तू साहेबांच्या कानावर घाल. मागच्या ईदला सगळ्यांदेखत तूच म्हणालास ना, तिथे तुझ्या शब्दाला वजन आहे? मग जरा ते वजन टाक.

मुलं बरी आहेत. खाऊन घेत जा.

तुझी धात्ता
वदीफा


वेलीहुरा
१७ जानेवारी १९९३

धात्ता,

सलाम. बाटली पोचली. डीटरनं चमचाभर खाल्लं, दोन पेले पाणी प्यायला आणि म्हणाला, "जोरदार आहे." याचा अर्थ तू हवा तो घे.

मी बोललो मॅनेजरशी. गोष्ट अशी आहे की मागच्या महिन्यात आपले पाहुणे खाली असताना वरून कुणीतरी जाळं सोडलं. आपल्याच गावचं होतं की दुसऱ्यांचं, माहीत नाही. एका बाईची हवेची नळी त्यात अडकली. काही झालं नाही, पण मॅनेजर घाबरला. त्यामुळे हंगाम संपेपर्यंत त्या गिरीवर जाळं नको, एवढंच आहे. झुबेरबेला म्हणावं, तेवढे दिवस दुसऱ्या गिरीवर जा. समुद्रात गिऱ्यांना काय तोटा आहे?

एक चांगली बातमी. डीटर या मोसमानंतर कायमचा घरी चाललाय, आणि त्याच्या जागी तो माझं नाव पुढे करतोय. पाण्याखालचं सगळं खातं माझ्याकडे. आपल्या अतोळातल्या सगळ्या बेटांत आजवर आपल्यातला कुणी त्या खुर्चीवर बसलेला नाही. बाबा असते तर म्हणाले असते, "खुर्ची पाण्याखाली की पाण्यावर?"

जेवणघराबाहेर मोठा फळा लावलाय, त्यावर मी आपला सगळा समुद्र रंगवलाय. भोवतीचं पोवळ्याच्या फारूचं कडं, त्यातून पाणी आतबाहेर नेणारे कंडू, मधल्या गिऱ्या, थिले. नावं सगळी बाबांनी शिकवलेली, आपल्या गावात म्हणतात तीच. खाली माझी सही. पाहुणे त्याचा फोटो काढतात. गिरी आणि थिल्यातला फरक सांगून सांगून मात्र जीभ दुखते. मी म्हणतो, जिच्या डोक्यावर ओहोटीला होडीचं बूड घासतं ती गिरी. जिच्यावरून जहाज गेलं तरी तिला पत्ता लागत नाही तो थिला. काल एकानं विचारलं, "मग थिला मोठा झाला की त्याची गिरी होते का?" म्हटलं, "होते, पण तुमची सुट्टी संपेल."

झुबेरबेला सलाम. जास्त मनावर घेऊ नका.

तुझा
थोहा


निकाधू
२ फेब्रुवारी १९९३

थोहा कोक्को,

समुद्रात गिऱ्यांना तोटा नाही, असं तू लिहिलंस. झुबेरबेला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तुझ्या भावाला विचार, आभाळात चांदण्यांना तरी कुठे तोटा आहे?"

जवळची दुसरी गिरी पलीकडच्या मुलीफारू बेटावरच्यांची. तिथे आम्ही गेलो की ते वल्ही उगारतात. लांबच्या गिरीवर आमिष मिळतं, पण कुप्यांच्या थव्यापर्यंत पोचेतो टाकीतली अर्धी मासळी पोट वर करून तरंगत असते. मेलेल्या आमिषाला कुपा तोंड लावत नाही. परवा सगळ्या धोणीत मिळून इतके थोडे मासे आले की वाटे घालताना गडी एकमेकांकडे बघत नव्हते. दोघांनी सांगूनही टाकलं, असंच चाललं तर आम्ही मालेला, शहरात कामाला जातो. गडी गेले की धोणी किनाऱ्यावर आडवी. दक्षिणेकडच्या एका व्यापाऱ्याचा निरोपही आलाय, विकणार का म्हणून. माणसाला वास कसा येतो कोण जाणे.

आणि हंगामापुरतं आहे असं तुला कोण म्हणालं? रखवालदार आता रोज असतो. गावानं अतोळ कचेरीत अर्ज दिला. पंधरा तारखेला कचेरीचे साहेब स्वतः येणार आहेत. त्यांनी कळवलंय की करारात बेट आणि बेटाला जोडलेलं फारू एवढंच रिसॉर्टचं आहे. गिरी जर वेलीहुराच्या फारूला खालून जोडलेली असेल तर त्यांची, सुटी असेल तर आमची. म्हणजे माझं नाक शेजारणीच्या तोंडाला जोडलेलं आहे का, याचा निकाल आता साहेब देणार!

गावात सगळे निवांत आहेत. तुत्तुबे सर्वांत जुना तांडेल, तो बोलणार. तो तर आत्ताच मिशीला तेल लावतोय. म्हणतो, "मी तोंड उघडलं की साहेब बंद करतील." पण झुबेरबे मला आतल्या खोलीत म्हणाला, "आम्ही सगळे वरचे. खाली तळाशी कोण गेलंय?"

खाली तू गेलायस. रोज जातोस. गिरी आणि फारू यांच्यामध्ये काय आहे हे डोळ्यांनी बघितलेला गावात तू एकटा आहेस. येऊन तेवढं सांग. दुसरं काही नको. रिसॉर्टविरुद्ध बोल असं मी म्हणत नाही, जे बघितलंस ते बोल.

थोहा, ही गिरी गेली तर धोणी जाईल, आणि धोणी गेली तर बाबांच्या घरातून समुद्रावर जाणारा कुणी उरणार नाही. तू जातोस ते वेगळं. लगेच उत्तर दे.

धात्ता


वेलीहुरा
६ फेब्रुवारी १९९३

धात्ता,

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी आणि डीटर गिरीवर उतरलो. रोज जातो, पण नेहमी पाहुण्यांच्या पायांकडे लक्ष ठेवून. या वेळी गिरीच बघायला गेलो.

कंडूतून भरती आत येत होती, त्यामुळे पाणी असं की जणू नाहीच. गिरीचं डोकं तुला माहीत आहे, वरून दिसतं. कडेनं खाली उतरलो की एका अंगाला पंख्यांसारखी पोवळी, लाल नि पिवळी, प्रवाहाकडे तोंड करून उभी. त्याखाली एक कपार, तिच्यात आमिषाची मासळी इतकी दाट की हात घातला तर दार उघडल्यासारखी बाजूला होते. तिथून वेलीहुराच्या दिशेनं निघालो. भिंत सरळ खाली जाते. तळाला पांढरी वाळू, आणि वाळूत शेपट्या रोवून उभे असलेले सापमासे, शेतातल्या पातीसारखे डोलणारे. आपण जवळ गेलो की सगळे एकदम आत. एका माडावर दुसरा माड उभा केला तरी शेंडा पाण्याबाहेर येणार नाही एवढं खोल. पलीकडे, बऱ्याच अंतरावर, रिसॉर्टच्या फारूची दुसरी भिंत चढत जाते. मध्ये काही नाही. खडकाचा एक धागासुद्धा नाही. गिरी एकटी उभी आहे, धात्ता. कुणाला टेकलेली नाही.

पण एक सांगतो, राग मानू नकोस. गिरीच्या डोक्यावर आणि कपारीच्या तोंडाशी सगळी मोडतोड आहे. गडी मासे हाकताना काठ्यांनी ठोकतात, नांगराचा दगड कुठेही टाकतात. ताटाएवढी पोवळी उलटी पडलीत, पांढरी पडलीत. बाबांच्या वेळी मीही ठोकलंय. तेव्हा खाली किती मोडतंय ते दिसत नव्हतं. डीटर बोटानं दाखवत होता आणि मला मान वर करवत नव्हती. निकाल तुमच्या बाजूनं लागला की झुबेरबेशी मी याबद्दल बोलणार आहे.

पंधरा तारखेला मी येतो. बघितलं ते सांगतो. शब्द देतो.

थोहा


निकाधू
१६ फेब्रुवारी १९९३

थोहा,

काल काय झालं ते तुला थोडं माहीत आहे. बाकीचं मी लिहिते.

साहेब सकाळीच आले. माणूस वाईट नव्हता. गावच्या कचेरीत सगळं गाव जमलं. तू येशील म्हणून मी दाराशी तुला जागा धरून ठेवली. तुमचा मॅनेजर आला, त्याच्याबरोबर तू नव्हतास. मला वाटलं, मागच्या धोणीनं येत असशील.

साहेबांनी तुत्तुबेला विचारलं, "या गिरीचं नाव काय?"

तुत्तुबे छाती काढून म्हणाला, "वेलीहुराची गिरी."

"कधीपासून?"

"माझ्या बापाच्या बापापासून. आजचं नाव नाही ते साहेब, जुनं आहे! कुणालाही विचारा."

साहेबांनी आणखी तिघांना विचारलं. तिघांनीही तेच सांगितलं, एकाहून एक मोठ्या आवाजात. जुनी ओळख सिद्ध होते म्हणून आमचे म्हातारे खूश. मॅनेजरनं पिशवी उघडली. त्यानं एक फोटो पुढे केला. तुझ्या फळ्याचा. त्यावर तुझ्याच अक्षरात, वेलीहुराची गिरी. खाली सही, निकाधूचा थोहा. मॅनेजर म्हणाला, "गाव म्हणतं वेलीहुराची, गावचाच पाणबुड्या म्हणतो वेलीहुराची. आम्ही वेगळं काय म्हणतोय?"

तेव्हा झुबेरबेच्या ध्यानात आलं. तो उठून म्हणाला, "साहेब, नाव तसं आहे कारण आम्ही तिकडे जाताना धोणीची नाळ वेलीहुराच्या माडांवर धरतो. ज्या बेटाकडे तोंड करून गिरी सापडते त्या बेटाचं नाव गिरीला. मुलीफारूचे लोक उलट्या बाजूनं येतात, त्यांची नाळ आमच्याकडे असते. ते याच गिरीला निकाधूची गिरी म्हणतात."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हे महत्त्वाचं आहे. मुलीफारूचं कोण आलंय?"

कुणीच आलं नव्हतं. आम्हीच बोलावलं नव्हतं. गावानं बसून ठरवलं होतं की त्यांना कळवायचं नाही, नाहीतर उद्या गिरीत वाटा मागतील. झुबेरबे खाली बसला. तुत्तुबे अजून हसतच होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की काय झालं.

तरी साहेब म्हणाले, "चला, जागा बघू." आम्ही गेलो. बायकांचं तिथे काय काम म्हणून तुत्तुबे कुरकुरला, पण मी धोणीत जाऊन बसले. वारा पडलेला. गिरीजवळ रिसॉर्टची धोणी उभी होती आणि पाण्यावर बुडबुडे येत होते. आम्ही थांबलो. सगळे त्या बुडबुड्यांकडे बघत होते. साहेबांनी विचारलं, "खाली कोण आहे?" रिसॉर्टचा नावाडी म्हणाला, "थोहा आहे, पाहुण्यांना घेऊन." माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, मुद्दामच इथे थांबलाय. जागेवरच सांगणार.

तू वर आलास. मास्क कपाळावर सारलास. आमची धोणी बघितलीस, साहेब बघितलेस, मॅनेजर बघितलास. साहेबांनी काठावरून वाकून विचारलं, "तू निकाधूचा ना? ही गिरी खालून फारूला जोडलेली आहे की सुटी आहे?"

तू म्हणालास, "खाली गढूळ होतं साहेब. नीट दिसलं नाही."

"आज नसेल. पण रोज जातोस ना?"

"त्या बाजूला आम्ही जात नाही."

थोहा, पाण्याखाली टाकलेला आमच्या नांगराचा दगड मला धोणीतून दिसत होता. त्याला बांधलेल्या दोरीचा पीळ दिसत होता. तू माझ्याकडे बघितलंस की नाही, सांगता येत नाही. मी तुझ्याकडेच बघत होते.

साहेबांनी लिहिलं की उलट पुरावा येईपर्यंत गिरी रिसॉर्टची. जाताना झुबेरबेला म्हणाले, "एक माणूस जरी बोलला असता."

तुझं सहा तारखेचं पत्र माझ्याजवळ आहे. झुबेरबे म्हणाला, ते साहेबांकडे पाठवू. मी नाही म्हटलं. तुझ्या तोंडून निघालं नाही ते तुझ्या अक्षरातून ओढून काढलं तर तुझी नोकरी जाईल, आणि उद्या गाव म्हणेल बहिणीनंच भावाला बुडवलं. त्यावर झुबेरबे कालपासून माझ्याशी बोलत नाही, तेही तुझ्या खात्यावर.

मला एकच लिहून पाठव. पाणी खरंच गढूळ होतं का? मी पाण्यावर होते, तू पाण्यात होतास. वर एक आणि खाली एक असू शकतं. होतं म्हणून लिहिलंस तर मी विश्वास ठेवीन.

वदीफा


वेलीहुरा
२९ मार्च १९९३

धात्ता,

ईद मुबारक. उपासाच्या महिन्यात इथे माणसं कमी होती, म्हणून लिहायला उशीर झाला, आणि ईदलाही येता आलं नाही. मुलांसाठी कापड पाठवलंय, तुझ्यासाठीही आहे.

मी पंधरा तारखेला येणारच होतो. आदल्या संध्याकाळी मॅनेजरनं सांगितलं, उद्या खास पाहुणे आहेत, तूच घेऊन जायचंस, आणि गिरीवरच जायचंस. त्यानं दुसरं काही म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. डीटरची जागा अजून मला मिळालेली नव्हती. आता मिळाली आहे, हे तुला कळलं असेलच.

तू विचार कर. माझ्या जागी मालेहून किंवा बाहेरून कुणी आला असता तर त्यानं तुमच्यासाठी काय केलं असतं? मी इथे आहे तर उद्या गावातल्या चार जणांना काम लावू शकतो. झुबेरबेचंही मी बोललो आहे. त्याच्यासारखा धोणी हाकणारा इथे कुणी नाही.

आणि एकदा तरी गिरीच्या बाजूनं विचार कर. दीड महिना झाला तिच्यावर काठी पडलेली नाही, नांगर पडलेला नाही. कपारीतली मासळी दुप्पट दिसते. मोडलेल्या पोवळ्यांच्या बुंध्यांना नवी टोकं फुटतायत, नखाएवढी, निळसर. मी रोज बघतो. तुम्ही तिला खात होता धात्ता, हे कुणीतरी म्हणायला हवं. त्या पंधरा तारखेलाच पाहुण्यांपैकी एका बाईला मी खाली बोट करून दाखवलं: तळाच्या वाळूवर ठिपक्यांची मुशी निजली होती. अंगावरचा एकेक ठिपका सुटा दिसत होता. ती बाई वर येऊन रडली, आनंदानं. म्हणाली, "ही जागा कुणी बिघडवू नये." मला वाटतं, तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दहा वर्षांनी तुमचीच मुलं म्हणतील, बरं झालं.

सगळं एका दिवसावर मोजू नकोस. आपण एका ताटात गरुधियाचा रस्सा नि रोशी खाल्ली आहे.

तू विचारलंस म्हणून लिहितो. हो. पाणी गढूळ होतं.

थोहा


निकाधू
२० मे १९९३

थोहा,

मी म्हटलं होतं, लिहिलंस तर विश्वास ठेवीन. ठेवला. त्या बाईला एवढ्या गढूळ पाण्यातून ठिपके दिसले, तिचे डोळे चांगले असतील. अल्ला तिचे तसेच ठेवो.

गिरीला नवी टोकं फुटली हे वाचून दाखवलं, तर झुबेरबेनं तेवढं परत वाचायला लावलं. मग म्हणाला, "ठोकत होतो हे खरं आहे." त्याला ते खरं वाटलं, म्हणून तुला कळवते. मोडू नका, असं येऊन सांगणारा घरचा माणूस असता तर त्यानं ऐकलं असतं. पण आधी गिरी आमची राहायला हवी होती. दुसऱ्याच्या घरात कसं वागावं हे शिकून उपयोग काय?

धोणी दक्षिणेला गेली. तो व्यापारी चार माणसं घेऊन आला आणि पाण्यात ढकलून घेऊन गेला. झुबेरबे किनाऱ्यावर आला नाही. मी गेले. तुत्तुबे आला होता. तो आता सगळ्यांना विचारत असतो, "पण मी खोटं काय बोललो?" खोटं काही बोलला नाही तो.

झुबेरबे तुमच्याकडे हवेच्या टाक्या वाहतो, तुझ्याच हाताखाली, म्हणजे तो कसा आहे हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. गुरुवारी घरी येतो. मी विचारलं, "माझा भाऊ कसा वागतो?" म्हणाला, "साहेब चांगला आहे. उन्हात उभं करत नाही." यात टोमणा नव्हता, थोहा. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

आता माझं सांगते, कारण पुढच्या मंगळवारी तू स्वतः पाहुण्यांना घेऊन येणार असं गावच्या कचेरीत कळलंय, आणि समोरासमोर मला हे बोलता येणार नाही.

दर मंगळवारी रिसॉर्टची माणसं गाव बघायला येतात. कोळ्यांचं गाव, असं त्यांना सांगितलेलं असतं. त्यांना दाखवायला काहीतरी हवं म्हणून कचेरीनं आम्हा पाचसहा जणींना नेमलंय. जुन्या तऱ्हेचा लिबास घालून चुलीपाशी बसायचं, मासा कापायचा, उकडायचा, धुरावर धरायचा. लिबास तू पाठवलेल्या कापडाचाच शिवलाय. दुसरं नवं कापड घरात नव्हतं. मासा मुलीफारूहून विकत आणतात. येईतो शिळा होतो, डोळे पांढरे पडतात, म्हणून डोकी आधीच काढून टाकायची अशी आम्हाला सूचना आहे. पाहुणे फोटो काढतात. मी हसते. हसायचं असं कुणी सांगितलेलं नाही, ते आपोआप येतं.

मागच्या मंगळवारी तुमच्या एका दुभाष्याबरोबर दहा-बारा जण आले. एका म्हाताऱ्या बाईनं काही विचारलं. भली दिसत होती. दुभाष्या मला म्हणाला, "विचारतायत, हा मासा इथलाच का? इथल्याच लोकांनी धरलेला?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिला सांगून टाकलं, "हो, आज पहाटेच." मग माझ्याकडे बघितलं. ती बाईही बघायला लागली. माझ्या हातात सुरी होती. मागे रिसॉर्टचा माणूस उभा होता, कचेरीतला कारकून होता, बाकीच्या बायका होत्या, त्यांची मंगळवारची कमाई होती.

मी मान हलवली.

एवढंच असतं ते. मला वाटायचं, माणसाला आत काहीतरी मोडावं लागत असेल. काही मोडत नाही. ती बाई खूश होऊन पुढे गेली आणि मी पुढचा मासा कापायला घेतला.

तेव्हा मंगळवारी ये. मी तिथेच असेन. मला धात्ता म्हणू नकोस, पाहुण्यांना विचारावं लागेल की ही कोण. काही विचारलंस तर मी मान हलवीन.

गिरी तू नेलीस, धोणी तिच्यामागून गेली. तुझ्यावरचा राग तेवढा माझ्या घरात उरला होता आणि मी तो कुणाला हात लावू देत नव्हते. आता शोधते, तर तोही सापडत नाही.

वदीफा